पाठीचं माप

वन्संनी तो ब्लाउज घातला आणि तो त्यांना बसला.

"बघ गं वहिनी," पडद्यामागून बाहेर येत त्या म्हणाल्या, "कुठं ओढत नाही, कुठं फुगत नाही. तू उगाच नवा बेततेयस."

मी मशीनवरचा पाय काढला. पौषातली दुपार, अडीच वाजले असतील. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. वन्सं आरशासमोर उभ्या राहिल्या, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. हिरवट खणाचा ब्लाउज, कोपरापर्यंत घट्ट बाह्या, आणि खोलीभर डांबरगोळीचा वास.

"कुणाचा काढलात?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती. तो मीच शिवला होता.

"कुणाचा म्हणजे? आईचा. ट्रंकेत तळाशी होता."

शिंप्याच्या घरात एकीचा ब्लाउज दुसरीनं घालणं यात नवल काही नाही. पण हा ब्लाउज दुसऱ्या कुणाला होण्यासारखाच नव्हता. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, शेवटच्या वर्षांत खांद्यापासून वाकल्या होत्या. तसल्या पाठीवर साधा ब्लाउज मागून वर चढतो आणि पुढून लोंबतो. म्हणून मी मागचा भाग दोन इंच वाढवला होता, पुढचा अडीच इंच कापला होता आणि मानेखाली दोन्ही बाजूंना बारीक टक्स घेतले होते. सरळ पाठीच्या बाईनं तो घातला असता तर मागं झोळी झाली असती, आणि पुढं तो छातीवरच अडकला असता.

वन्संची सगळी हुकं लागली होती. मागं झोळी नव्हती.

याला आता नऊ वर्षं झाली. तेव्हा कराडातल्या आमच्या घरात आम्ही दोघीच होतो. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, तारामती. लग्न झाल्यावर वर्षाच्या आत माहेरी परतल्या त्या कायमच्या, आणि बालवाडीत शिकवून निवृत्त झाल्या. आत्याबाईंना जाऊन अकरा वर्षं झाली होती, माझ्या यजमानांना जाऊन चार. घराची पुढची खोली माझं दुकान, आणि मधला उंबरा ओलांडला की वन्संचं राज्य. राज्य म्हणायचं आपलं. भाजी घ्यायला गेल्या तर तीन गाड्या पालथ्या घालून पहिलीवर परत येणारी बाई ती. त्यांच्या आयुष्यातले सगळे निर्णय दुसऱ्यांनी घेतलेले. लग्नाचा बापानं, परत आणण्याचा आईनं, बालवाडीचा भावानं. त्यांनी आपण होऊन काय ठरवलं म्हणाल तर चष्म्याची काडी, आणि तीही नंतर बदलून आणली.

आणि आता त्यांच्यापुढं एक निर्णय येऊन बसला होता आणि तो घ्यायला घरात दुसरं कुणी नव्हतं.

झालं होतं असं. मार्गशीर्ष लागला तेव्हा पाण्याची कळशी उचलताना त्यांच्या पाठीत काडी मोडल्यासारखा आवाज झाला. तो मी दुकानात ऐकला असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे ऐकला तो कळशी पडल्याचा. हाडांच्या डॉक्टर शेटेबाईंनी फोटो काढला, मग ते हाडांची घनता मोजायचं मशीन झालं, रक्त तपासून झालं, आणि त्यांनी आम्हा दोघींना समोर बसवलं.

"एक मणका दबलाय. बाकीचेही कच्चे आहेत. नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही आता. सहा महिन्यांनी एक इंजेक्शन, दंडात. कॅल्शियम चालू ठेवायचं, सुरू करण्याआधी एकदा दात दाखवून घ्यायचे."

"किती दिवस?" वन्संनी विचारलं.

"काही वर्षं. आणि एक नीट ऐका, आजी. तारीख चुकवायची नाही आणि मनानं सोडायचं नाही. थांबवायचं झालं तर मी दुसरं औषध देऊन थांबवीन. मध्येच टाकून दिलं तर मणके पटापट दबू शकतात."

"म्हणजे एकदा धरलं की सुटत नाही."

"घेतलं तर आहे ते आहे तिथं थांबेल. न घेण्यात धोका मोठा आहे," शेटेबाई म्हणाल्या. "दुसरा मणका कधी दबेल सांगता येत नाही. किंवा खुबा."

"विचार करून सांगते," वन्सं म्हणाल्या.

आणि पाच आठवडे विचार चालला. माझ्या हाताला मापं लिहायची सवय, त्यामुळे मनातल्या मनात मी तेही लिहीत गेले. पहिला आठवडा: मार्गशीर्षातले गुरुवार होऊ देत. दुसरा: दाताचे डॉक्टर लग्नाला गेलेत. तिसरा: दात झाले, पण बुधवार पेठेतल्या कुणाच्या तरी मावशीला कसलंसं इंजेक्शन घेऊन अंगभर खाज आली. चौथा: संक्रांत होऊ दे. पाचव्या आठवड्यात त्यांनी कारण दिलंच नाही, आणि तेव्हा मला पहिल्यांदा धास्ती वाटली. कारणं सांगणारा माणूस अजून आपल्याशी बोलत असतो.

त्या पाचव्या आठवड्यातच ब्लाउज निघाला ट्रंकेतून.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हुकं लावत बसले होते. उंबऱ्यापलीकडे कुणीतरी दोनदा खाकरलं. आत्याबाई दुकानात यायच्या आधी असंच दोनदा खाकरायच्या, सुनेला सावध करायला. मला काही कळायच्या आत माझा हात वर गेला आणि मी डोक्यावर पदर घेतला. अकरा वर्षांनी.

आत आल्या त्या वन्सं. चपला फरफटत. त्यांनी माझ्या पदराकडे बघितलं आणि खिडकीशी जाऊन बसल्या. थोड्या वेळानं बाहेर बघत म्हणाल्या, "मास्तरणे, चहा टाकतेस का?"

शिवणकाम करते म्हणून मला मास्तरीण फक्त आत्याबाई म्हणायच्या.

चहा मी टाकला. दोन कपांऐवजी तीन कप पाणी घातलं गेलं, ते का हे मला विचारू नका.

त्याच आठवड्याच्या बाजारी कोपर्ड्याच्या हौसाक्का आल्या. वर्षाकाठी एकदा यायच्या आणि सहा ब्लाउज टाकून जायच्या. मी टेप घेऊन त्यांच्या खांद्याला लावली तेवढ्यात मधल्या दारातून वन्सं पाठमोऱ्या गेल्या.

"आगं बया," हौसाक्का म्हणाल्या, "सोनाबाई हायत व्हय अजून? मला कुणी सांगितलं गेल्या म्हणून."

"त्या गेल्या, आक्का. या आमच्या वन्सं. तारा."

"तारा?" हौसाक्कांनी दाराकडे बघितलं. तिथं आता कुणी नव्हतं. "तारा लांबसडक हुती की. ही तारा न्हाई. माझ्या सोनाबाईची पाठ मला कळत न्हाई व्हय?"

त्यांनी कापड पिशवीत परत भरलं. "फुडल्या बाजारी येते," म्हणाल्या, आणि माप न देता गेल्या. त्या बाजारीच काय, पुन्हा कधीच आल्या नाहीत.

त्या संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी मी वन्संना समोर बसवलं. म्हटलं, आता थट्टा पुरे.

"वन्सं, तुम्ही मला मास्तरीण का म्हणालात परवा?"

"मी?" त्या ओठांवर चार बोटं ठेवून हसल्या. हसताना तोंड झाकायची सवय आत्याबाईंची. वन्सं आपल्या दात दाखवून हसायच्या. "म्हणाले असेन. हल्ली माझ्या तोंडून तीच बोलते."

"कोण ती?"

"तुला म्हणून सांगते, वहिनी. आई येतेय."

"कुठून?"

"विचारतेस तर अशी, जशी साताऱ्याच्या एसटीनं येणारे. मागून येतेय. आधी खांद्यावर हात ठेवला. मग मान. आता पाठ जवळजवळ सगळी तिचीच. न्हाताना मी मागं हात नेते तर ती माझी पाठ नसते. शेवटची दहा वर्षं मी तिला न्हाऊ घातलंय, पाठ चोळलीय. मला कळणार नाही?"

माझ्या मानेवर गार काहीतरी सरकलं. मी ते हसण्यावारी न्यायला बघितलं. "एवढ्या हळू हळू आत्याबाई कधी आल्या होत्या कुठं? त्यांचा जिन्यावरचा पाय ऐकून दूध उतू जायचं थांबायचं."

वन्सं हसल्या नाहीत.

"आणि इंजेक्शन?" मी विचारलं.

"तेच तर. शेटेबाई काय म्हणाली? आहे ते आहे तिथं थांबेल. म्हणजे आई अर्ध्यावर अडकेल. ना धड आत, ना धड बाहेर." त्यांनी आपला उजवा हात डाव्या खांद्यावर असा ठेवला, जसा दुसऱ्याच्या हातावर आपण हात ठेवतो. "सगळी जिंदगी तिनं मला सांभाळलं. ती येतेय तर मी दार लावून घेऊ?"

मी उठले. स्टूल घेतलं, कपाटाच्या वरच्या फळीवरून मापांच्या वह्या काढल्या आणि त्यांच्यासमोर ठेवल्या. चाळीस वर्षांच्या चौदा वह्या.

इथं एक सांगायला हवं. आमच्या धंद्यात बाईचं माप मोठ्यानं बोलत नाहीत. टेप लावायची, आकडा बघायचा, गुपचूप लिहायचा. अंगावर घेतलेल्या, वाळलेल्या, एका बाजूला झुकलेल्या, सगळ्या बायका माझ्या वहीत आहेत, आणि त्यातल्या एकीलाही स्वतःचा आकडा माहीत नाही. माझ्या सासऱ्यांनी मला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. मी ते आयुष्यभर पाळलं.

मी पहिली वही उघडली. "हे माझं लग्न झालं त्या वर्षाचं. वाचा."

"सोनाबाई नारायण पोरे," बालवाडीच्या बाईंनी स्वच्छ वाचलं. "पाठ चौदा. पुढा पंधरा. मग?"

"मग पाठीपेक्षा पुढा जास्त. अशी पाठ वाकलेल्या बाईची नसते. त्या वर्षी आत्याबाई ही वही फळीवरून स्टुलाशिवाय काढायच्या."

"आई? या फळीवरून?"

"हात वर करून. टाचाही न उचलता."

वन्सं फळीकडे बघत राहिल्या. बाहेर कुणीतरी सायकल लावली आणि गेलं.

"माझ्या लग्नात तोरण तिनं बांधलं होतं," त्या सावकाश म्हणाल्या. "दादा शिडी शोधत होता, आणि हिनं नुसते हात वर केले. काखेत ब्लाउज उसवला होता. सगळे हसले होते." मग माझ्याकडे वळून त्यांनी इतक्या हळू विचारलं की ते मला ओठांवरून वाचावं लागलं. "मग ही येतेय ती कोण?"

मी पानं उलटत गेले. पाठ साडेचौदा, पुढा साडेचौदा. पाठ पंधरा. साडेपंधरा, पुढा साडेतेरा. पाठ सोळा, पुढा साडेबारा.

"जी तुमच्याकडे आलीय ना वन्सं, ती आत्याबाईंकडेही अशीच आली होती. मागून. आधी खांद्यावर हात. मग अर्धा अर्धा इंच करत आत. शेवटी त्यांच्या जागी तीच बसली होती. तुम्ही न्हाऊ घालत होता ती पाठ आईची नव्हती. आईला सरकवून बसलेलीची होती."

हे मी त्यांना घाबरवायला म्हटलं होतं. म्हटल्यावर मीच घाबरले.

वन्संनी वही माझ्या हातातून घेतली. ती ठेवून शेवटची वही उघडली. शाळेत हजेरीवर बोट फिरवायच्या तसं बोट फिरवत गेल्या आणि एका जागी थांबल्या. तारामती पोरे. पाठ चौदा. पुढच्या पानावर तारामती पोरे. साडेचौदा. तारखा वाचताना त्यांचे ओठ हलत होते.

"हे आषाढातलं आहे," त्या म्हणाल्या. "कळशी मी मार्गशीर्षात उचलली."

मी गळ्यातली टेप काढून गुंडाळायला घेतली.

"हे मागच्या पाडव्याचं. हे तीन दिवाळ्यांमागचं." बोट पानावरून उठलं. "तीन वर्षं. तुला ठाऊक होतं."

"मापात फरक दिसत होता."

"आईचाही?"

"नऊ वर्षं."

"तिला सांगितलंस?"

"नाही."

"मला?"

"नाही."

"का?"

"माप सांगायची पद्धत नाही," मी म्हटलं.

मागून ब्लाउज वर चढायला लागला की बाई कुरकुर करते. ती कुरकुर म्हणजे शरीराची पहिली हाक. मी ती हाक येऊच दिली नाही. अर्धा इंच वाढवायचा, टक्स घ्यायचा, खांद्याची शिलाई जरा मागं ओढायची. वाक दिसता कामा नये, हीच माझी कला. सगळं कराड म्हणायचं, शालनच्या हातचा ब्लाउज घातला की बाई ताठ दिसते. आत्याबाई नऊ वर्षं ताठ दिसल्या. त्यांना डॉक्टरकडे न्यावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. शेवटच्या दोन वर्षांत माझ्या कात्रीलाही ते लपवता येईना, तेव्हा सगळे म्हणाले, वय झालं. मग एका सकाळी तुळशीपाशी त्या नुसत्या वळल्या, पडल्याही नाहीत, आणि खुबा मोडला. तीन महिन्यांत गेल्या.

वन्संनी वही मिटली.

"तू आम्हाला शिवून टाकलंस गं," त्या म्हणाल्या. रागानं नाही. एखादी गोष्ट वाचून तिचं तात्पर्य सांगावं तशा.

नंतर दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. स्वयंपाक व्हायचा, ताट झाकलेलं असायचं. दुपारी दुकान बंद करून मी आत गेले की त्यांच्या खोलीचं दार ओढलेलं असायचं आणि आतून बोलणं ऐकू यायचं. शब्द लागत नव्हते. आवाज मात्र दोन होते. एक अडवत होता, एक समजावत होता. कुठला कुणाचा ते मला ओळखता आलं नाही, आणि त्या दोघींबरोबर मी एका घरात एकोणतीस वर्षं काढली होती. दुसऱ्या दिवशी मी दार ढकलणार होते. हात कडीपर्यंत गेलाही. मग आतून दोनदा खाकरण्याचा आवाज आला, आणि मी माझ्या मशीनपाशी जाऊन बसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला वन्सं दुकानात येऊन उभ्या राहिल्या. इस्त्रीचं लुगडं, हातात डॉक्टरांची फाइल. आणि अंगात तोच हिरवट ब्लाउज.

"यायचं असेल तर चल," म्हणाल्या.

कुठं, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. शटर ओढलं. रिक्षात त्या पलीकडच्या कडेला चिकटून बसल्या, माझ्या बाजूला जागा सोडून. मी जरा सरकायला गेले तर मला म्हणाल्या, "तिथं नको." मी होते तिथंच राहिले.

शेटेबाईंनी रिपोर्ट पुन्हा बघितले, पुढच्या तारखेचं कार्ड लिहून दिलं आणि विचारलं, "ठरलं ना, आजी?"

"ठरलं," वन्सं म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

आतल्या खोलीत एक तरुण सिस्टर होती. तिनं इंजेक्शन तयार केलं. "बाही वर घ्या, आजी."

बाही वर जाईना. कोपरापाशी घट्ट होती, आत्याबाईंच्या काटकुळ्या हाताच्या मापाची. सिस्टरनं ओढून बघितलं. "पडदा लावते, ब्लाउज काढा ना."

"काढायचा नाही," वन्सं म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता, "वहिनी, उसव."

माझ्या पर्समध्ये बारीक कात्री कायम असते. मी स्टूल ओढून त्यांच्या दंडाशी बसले. दुहेरी शिलाई होती. तेव्हा मी अशी शिलाई घालायचे की कापड विरेल पण टाका सुटणार नाही. एकेक टाका कापत कोपरापासून वर गेले. वन्संनी डोळे मिटले होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता, आणि श्वास कितीजणींचा आहे हे मोजायचा मोह मी आवरला. खांद्यापर्यंत बाही उघडली आणि आतला दंड दिसला, गोरा, भरलेला. वन्संचाच.

सिस्टरनं कापसानं जागा पुसली, सुई जवळ आणली.

"थांब," वन्सं म्हणाल्या.

त्यांनी मान वळवली आणि आपल्याच खांद्यावरून मागं बघत, बसमध्ये शेजारणीला म्हणावं तसं म्हणाल्या, "सरक गं आई जरा."

सिस्टरनं मागं वळून पाहिलं. मी नाही पाहिलं.